बंपरच्या आतल्या कडेचा रंग

ती घटना आठवली की आजही मिशीला पीळ द्यावासा वाटतो. कामठी रोडवर एका स्कूटरवाल्या म्हाताऱ्याला गाडीनं उडवलं. तो दवाखान्यात बेशुद्ध. त्याला उचलायला थांबलेल्या ऑटोवाल्यालाच जमावानं बदडून आमच्या ठाण्यात आणून टाकलं. ऑटो जप्त, माणूस लॉकअपमध्ये, बायको व्हरांड्यात. "साहेब, त्यानं कोणाले धडक नाही दिली जी," एवढंच ती म्हणायची.

पंचनाम्यात जागेवर लाल रंगाचे पापुद्रे मिळाले होते. ऑटोवर लाल ठिपकाही नव्हता. तरी आरोपी हाती आहे, प्रकरण उरका, असा वरून सूर होता. मी मुळात हट्टी. उरकलं नाही.

मग खबऱ्याची टीप आली. नंदनवनच्या एका गॅरेजात पांढऱ्या गाडीचा लाल बंपर अचानक काळा झाला होता.

पेंटरला ठाण्यात बोलावलं. कसलेला गडी, पण पैशासाठी तोंड शिवून बसला होता. "बंपर नवाच बसवला, साहेब. जुना भंगारात गेला." तासभर हेच. धाकदपटशाचा उपयोग नव्हता. मी खबऱ्यानं आणलेला बंपरचा फोटो पाहून नाक मुरडलं.

"काम मात्र भिकार केलं गा. जुना रंग काढायले थिनर ओतलं, प्लॅस्टिक पार विरघळलं."

तो उसळला. "थिनर? मी काहून थिनर ओतू? प्लॅस्टिकची वाट लागते त्यानं. ब्रेक ऑइल लावतो, तेही आधी आतल्या कोपऱ्यात लावून पाहतो. मग भिजू देतो आन् नायलॉनच्या ब्रशनं हळूहळू काढतो. एक ओरखडा दाखवा!"

"नव्या बंपरवरचा कोणता रंग काढला मंग?"

त्याची मान खाली गेली. गाडी कोणाची, रंग कोणी बदलायला लावला, बाकीचं सगळं त्यानं आपणहून सांगितलं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमक्ष बंपर उतरवला. आतल्या दुमडलेल्या कडेला लाल पट्टी तशीच होती. जिथं कोणी पाहत नाही, तिथला रंग कोण काढतो? प्रयोगशाळेत तो पापुद्र्यांशी थराला थर जुळला. वकील घेऊन ऐटीत आलेल्या गाडीमालकाला मी स्वतः लॉकअप दाखवलं. त्या दिवशीचा चहा अमृतासारखा लागला.

धमकीला न बधणारा माणूस आपल्या कामाची निंदा सोसत नाही, हे मी तिथं शिकलो. पण खरा धडा ऑटोवाल्यानं दिला. सुटल्यावर चावी हातात घेऊन तो म्हणाला, "साहेब, पुन्हा कोणी रस्त्यात पडलेला दिसला, तं थांबू का नाही?"

कायदा सगळा पाठ होता माझा. तरी कलम नाही सांगितलं त्याला. "थांब," मी म्हणालो, "आन् आधी मले फोन कर."

त्यानं नंबर लिहून घेतला.