नमुन्याची पिशवी

वन्संनी मळेवाल्यांच्या चहाच्या दोनशे पेट्या नापास केल्या, त्याला त्या शुक्रवारी नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. कुणी म्हणजे मी आणि वन्सं, दोघीच. वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर लोकांना वाटलं, आता या दोघी वेगळ्या होतील. आम्ही फक्त पलंग हलवले आणि राहिलो.

वन्सं चहाच्या वखारीत चव घेण्याचं काम करत. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथे डब्यांवर चिठ्ठ्या डकवायला लागल्या होत्या. एक दिवस त्यांनी खळीने बरबटलेला हात पुसत सांगितलं, "यावर धुराचा चहा लिहिलंय, पण आत पुदिन्याचा आहे." डबा बंद होता. तिथल्या म्हाताऱ्या चव घेणाऱ्याने डबा उघडून पाहिला, मग या मुलीपुढे तीन वाट्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी पाच, आणि महिन्याभराने आपल्या शेजारी स्टूल. म्हातारा गेल्यावर ते टेबल वन्संचं झालं. त्याला एकतीस वर्षं झाली होती.

ते काम मी लांबून दोनदा पाहिलं होतं. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येकीत कोऱ्या चहाचं पाणी. वन्सं चमचाभर पाणी सुर्रकन ओढत, गालात फिरवत, पायाजवळच्या पितळी भांड्यात थुंकत आणि पुढे सरकत. पाहणाऱ्याला वाटावं, बाईंना काही रुचतच नाही. हमाल तोंडावर ‘बाईसाहेब’ म्हणत आणि पाठ फिरली की ‘थू-बाई’. वन्संना ते ठाऊक होतं. "मी थुंकते म्हणून यांची चूल पेटते," एवढंच त्या म्हणत.

त्यांच्या जिभेपायी आमचं घर वेगळ्याच शिस्तीत चालायचं. वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही, कांदा शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी वखार बंद. "आमच्याकडे फोडणीसुद्धा परवानगी काढून चरचरते," असं यजमान म्हणायचे. मात्र रविवारी दुपारी चार वाजता त्याची भरपाई व्हायची. वन्सं आठवड्याचे उरलेले नमुने पुड्यांतून आणत आणि माझ्यापुढे सहा वाट्या मांडत. डोंगरावरचा कोवळा हिरवा चहा, उकडलेल्या पालेभाजीसारखा. लाकडाच्या धुरावर वाळवलेला, प्यायल्यावर घशात शेकोटी पेटल्यासारखा. मोगऱ्याचा, संत्र्याच्या सालीचा, पुदिन्याचा आणि शेवटी उंची कोरा, ज्यात काहीच घातलेलं नसायचं.

"कसा आहे?"

"छान आहे, वन्सं."

"छान हा काय वास आहे, वहिनी? कशासारखा आहे ते सांगा."

एकदा मी म्हटलं, मोगऱ्याचा चहा नव्या नवरीसारखा आहे, सगळं काही एकदम सांगून टाकतो. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी माझी पहिल्यांदा बढती झाली. मला सातवी वाटी मिळाली.

तर, त्या दोनशे पेट्या.

मळेवाले म्हणजे एक वयस्कर गृहस्थ. स्वतःचा लहानसा मळा, दरवर्षी एकच उंची माल, पहिल्या खुडणीचा. वन्सं दरवर्षी त्याची वाट पाहत. या वर्षी त्यांनी पेटीतून मूठभर पत्ती काढली, नमुन्याच्या पिशवीत घातली आणि टेबलाशी नेली. वाटेत फुलांची खोली लागायची, जिथे चहाला वास देत. कोऱ्या चहाला तिथली हवा लागू नये म्हणून तो नेहमी जाड मांजरपाटाच्या पिशवीत, तोंड आवळून, न्यायची वन्संची रीत होती. तासाभराने पाणी उकळलं, वाटी भरली. वन्संनी घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. पुन्हा घेतला. मग चिठ्ठीवर लिहिलं: बाहेरचा वास. नापास.

त्यांचा शब्द शेवटचा असे. संध्याकाळपर्यंत ही बातमी इतर सहा व्यापाऱ्यांकडे पोचली, आणि थू-बाईंनी थुंकलेला माल म्हटल्यावर एकानेही पेटी उघडून पाहिली नाही. मळेवाले दोन दिवसांनी स्वतः आले. ते वखारीत उभे राहून म्हणाले, "ताई, हा चहा माझी नातवंडं पितात हो." वन्सं म्हणाल्या, "मला जे लागलं तेच मी लिहिलं."

वखारीच्या मालकांचे जावई तेव्हा नुकतेच कारभारात आले होते. एका बाईच्या जिभेवर एवढा धंदा टांगलेला त्यांना पटत नव्हता. त्यांनी मळेवाल्यांची बाजू घेतली. शनिवारी दहा वाजता सगळ्यांसमोर पुन्हा चव घ्यायची, नमुना ताज्या पेटीतून काढायचा. माल स्वच्छ निघाला तर बाईंनी टेबल सोडायचं. मालक गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे होच.

वन्सं त्या आठवड्यात नीट जेवल्या नाहीत. "मला वास आला होता, वहिनी," असं त्या पोळी तोडता तोडता मध्येच म्हणायच्या. "गोडसर, फुलासारखा. पण फूल नव्हे." मी म्हणायची, "आला असेल तर आलाच." त्यांची जीभ चुकेल हे मला सूर्य उशिरा उगवण्यासारखं वाटे.

शुक्रवारी साडेपाचला त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "पिशवी काढून ठेवा. उद्या लागेल."

ती पिशवी मीच शिवलेली. जुनी विरली म्हणून याच महिन्याच्या सुरुवातीला नवी केली होती आणि मळेवाल्यांच्या मालासाठीच ती पहिल्यांदा बाहेर पडली होती. परत आल्यावर मी ती बिनवासाच्या साबणाने धुऊन, उन्हात वाळवून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती, चादरींच्या मागे. मी कप्पा उघडला, हात आत घातला, आणि तो तसाच राहिला.

चादरींच्या मागे माझा साबण होता.

गुलाबाचा, तपकिरी कागदातला. मी भाचीच्या घरी गेले तेव्हा तिने हातात कोंबला होता. वापरायचा प्रश्नच नव्हता. पण मला तो टाकवेना. वन्सं कामावर गेल्या की कधीतरी कप्पा उघडायचा, कागद नाकाशी धरायचा, पुन्हा ठेवायचा. साठी उलटलेल्या बाईने चोरून करण्यासारखी ती एवढीच गोष्ट माझ्याकडे होती.

मी पिशवी नाकाशी नेली. मला काही कळेना. माझ्या नाकाला तर तो सगळा कप्पाच गुलाबाचा वाटत होता. मी रोजच्या नोंदींची वही काढली. साबण आणला त्याची तारीख: चार. पिशवी शिवून, धुऊन कप्प्यात ठेवली: सहा. पेट्या नापास: सतरा. अकरा दिवस दोन्ही एकमेकांना चिकटून होती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "सापडली का?"

सांगितलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी केला. लपवत नाही. साबण खिडकीबाहेर, पिशवी पुन्हा धुवायची, आणि उद्या ताजा नमुना वन्संना स्वच्छ लागला असता. त्यांना वाटलं असतं, आपली जीभ गेली. ती कधी गेली, कशी गेली, हे त्या मरेपर्यंत शोधत बसल्या असत्या. टेबल तर गेलंच असतं.

मी दोन्ही हातांत दोन्ही वस्तू घेऊन स्वयंपाकघरात गेले.

वन्संनी आधी साबणाकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे. त्यांनी पिशवी हुंगली. डोळे मिटले. डब्यातून उंची कोऱ्याचे दोन चमचे काढले, एक वाटीत झाकून ठेवला, दुसरा पिशवीत टाकून तोंड आवळलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

तो तास मी विसरणार नाही. आम्ही समोरासमोर बसलो होतो, मध्ये पिशवी. मी एकदा "वन्सं, मी..." म्हटलं. त्यांनी बोट वर केलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत बसलं होतं, उगाच.

पावणेसातला पाणी उकळलं. दोन वाट्या. त्यांनी पहिली ओढली, मोरीत थुंकली. दुसरी ओढली आणि तोंडात धरूनच माझ्याकडे बघत राहिल्या. मग दुसरी वाटी माझ्याकडे सरकवली. मी घोट घेतला. रविवारच्या वाट्यांच्या सतरा वर्षांत कुणी काही न सांगता मला कळलेला तो पहिला वास.

"साबण," मी म्हटलं.

"साबण," वन्सं म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "म्हणजे वास होता. मला भास नव्हता झाला."

"वन्सं, माझं चुकलं हो."

"चूक माझी. पिशवी घरची, म्हणून मी ती हुंगली नाही. परक्याने शिवली असती तर आधी तीच नाकाला लावली असती."

मग मला धीर आला आणि मी भलतंच बोलले. "उद्या नुसतं ‘बरा आहे’ म्हणा. पेटीला वारा लागला, वास उडाला, असं म्हणा. कोण ओळखणार आहे?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते टेबल माझ्याकडे आहे." मग साबण माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "उद्या तुम्हीही चला. साबण घेऊन."

शनिवारी टेबलाभोवती मालक, जावई, मळेवाले आणि चार हमाल होते. मळेवाल्यांनी कोट घातला होता. त्याची वरची गुंडी चुकीच्या काजात होती आणि ते कुणी त्यांना सांगत नव्हतं. जावयांनी आठ वाट्या मांडून घेतल्या होत्या. मळेवाल्यांचा चहा कोणत्या वाटीत आहे ते फक्त जावयांनाच माहीत.

"बाई, सुरू करा," ते म्हणाले. "आज जीभ घरी विसरला नाहीत ना?"

"तुमच्यासाठी जास्तीची आणली आहे," वन्सं म्हणाल्या. एक हमाल खोकला.

त्या रांगेने गेल्या. पहिली, दुसरी, तिसरी. माझ्या पदराखाली साबण होता आणि मला वाटत होतं, सगळ्या खोलीला त्याचा वास येतोय. पाचव्या वाटीशी त्या थांबल्या. पुन्हा ओढली. आणि जन्मात न केलेली गोष्ट केली: घोट गिळला.

"हा यांचा," त्यांनी मळेवाल्यांकडे मान केली. "स्वच्छ आहे. या वर्षी मी चाखलेल्यांत सगळ्यात चांगला."

मळेवाले मटकन स्टुलावर बसले. जावई हसले. "म्हणजे बाई, गेल्या वेळी..."

"गेल्या वेळी माझ्या पिशवीला साबणाचा वास होता. तो पत्तीला लागला. मी पिशवी तपासली नाही." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी साबण टेबलावर ठेवला. एवढ्या मोठ्या माणसांच्या मध्ये तो कागद किती बारका दिसत होता.

"साबण कुणाचा?" मालकांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. वन्सं माझ्याआधी बोलल्या, "माझ्या घरातला."

जावई म्हणाले, "ठरलं होतं तसं करू या." मालक पाचव्या वाटीकडे बघत होते. ते म्हणाले, "हा हंगाम पुरा करा, बाई. एक मुलगी हाताखाली देतो, तिला तयार करा. मग टेबल तिचं." जावयांना ते कमी वाटलं आणि मला जास्त. वन्संनी मान हलवली, पण उठल्या नाहीत.

"नापास चिठ्ठी फाडून चालणार नाही. ती सहा ठिकाणी पोचली आहे. मी सहा पत्रं देते. ती आजच जायला हवीत."

"पत्रात काय लिहिणार?"

"जे झालं ते."

तिथेच, वाट्या बाजूला सारून, आम्ही बसलो. वन्संचं अक्षर डॉक्टरांसारखं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "नमुन्याच्या पिशवीला साबणाचा वास लागला होता. माल निर्दोष आहे. चूक तपासणीची." सहावं पत्र होईपर्यंत माझा हात दुखायला लागला होता. सगळ्या पत्रांत मी एक ओळ आपल्या मनाने घातली: साबण माझा होता, त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पत्र वाचलं. मग दुसरं. मग सहाही गोळा करून त्यांची चौपदरी घडी घातली आणि सोबत आणलेल्या त्या नमुन्याच्या पिशवीत टाकली.

"वहिनी, कोरे कागद घ्या."

"वन्सं, पण खरं तेच..."

"पिशवी हुंगणं माझं काम होतं. तुमचं नव्हे. त्या ओळीशिवाय, पहिल्यापासून."

मळेवाले दाराशी उभे होते. "ताई, पत्रं मी स्वतः नेऊन देतो," ते म्हणाले. "टपालाने दोन दिवस जातील." वन्संनी त्यांना बसायला सांगितलं, पाचव्या वाटीतल्या चहाची नवी किटली मागवली आणि चार कप भरले. चौथा जावयांपुढे ठेवला.

मी दुसऱ्यांदा पहिलं पत्र लिहायला घेतलं.