हनुमंतराव काकांची प्रतिकारशक्ती

हनुमंतराव काकांना कळत नाही अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तंजावूरच्या आमच्या घरात, सांबारात मीठ किती इथपासून डॉक्टर कुठे चुकले इथपर्यंत, सगळे निकाल तेच देतात. बाबा गेल्यावर माझा धाकटा भाऊ प्राणेशही त्यांच्या अखत्यारीत आला, हे त्याचं दुर्दैव.

प्राणेशला हिमोफिलिया. रक्त लवकर गोठत नाही. जिन्यात गुडघा मुरगळला तरी सांध्यात रक्त साचून अंथरूण धरायचं. मोठ्या इस्पितळात त्याच्यावर जनुकोपचार झाला. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जनुक घालून ते यकृतापर्यंत पोचवतात. पण शरीर त्याला शत्रू समजून जनुक घेतलेल्या पेशींवरच तुटून पडू शकतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि काकांना बजावलं, "आम्ही सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत. हा उपचार एकदाच करता येतो." काका मान डोलावत होते. ऐकत नव्हते.

उपचार लागू पडला. प्राणेश सायकलवरून तिरुवैयारुला जाऊन आला, तेव्हा मला रडू आवरेना. मग मी चेन्नईला नोकरीवर परतले.

इकडे पापनाशमहून गायत्रीचं स्थळ आलं. आमच्या मराठी घरांत लग्नाच्या मुली मुळातच थोड्या, त्यामुळे काका हुरळले. अडचण एकच होती, गोळ्यांनी प्राणेशचा चेहरा फुगला होता.

"असलें तोंड घेऊन मुलीस पाहायास जाणार काय तूं?" काका म्हणाले. "सुम्मा, उगीच गोळ्या गिळून अंगातली ताकद मारतोस. मी कषायम देतों."

गोळ्या काकांच्या कपाटात गेल्या आणि रोज सकाळी निलवेंबूचा कडू काढा सुरू झाला, प्रतिकारशक्ती वाढवायला. डॉक्टर जिला बांधून ठेवत होते, तिलाच हे गृहस्थ खुराक घालत होते. प्राणेशने ऐकलं याचाही मला राग आहे. पण पहिल्यांदाच कुणी मुलगी दाखवत होतं. त्याने आरशात पाहिलं आणि काढ्याचा पेला उचलला.

चेहरा उतरला, गायत्रीने होकार दिला, काका गावभर मिरवले. त्यानंतर लगेच प्राणेशचा गुडघा पुन्हा सुजला. तपासणीत दिसलं की शरीराने जनुक घेतलेल्या त्या पेशी मारून टाकल्या होत्या. पुन्हा उपचार नाही, कारण पहिल्या वेळेनंतर रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं राहतात. दुसऱ्यांदा ती त्याला यकृतापर्यंत पोचूच देणार नाहीत.

मी धावत घरी आले, तर काका म्हणतात, "आमच्या घराण्याचें रक्तच कडक. त्या विषाणूस टिकूं दिलें नाहीं." लाज ही चीज त्यांच्या वाट्याला आलीच नसावी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पापनाशमला कुणी कांहीं बोलूं नका. लग्न होऊन जाऊंदे."

प्राणेशने गुडघ्यावरचा बर्फ सरकवला. "मी गायत्रीस सांगितलें, काका. गोळ्या कोणी थांबवल्या तेंही, मी कां ऐकलें तेंही."

"मग? मोडलें काय?"

"नाहीं. तुमच्या घरीं राहायचें नाहीं म्हणाली. मला दुसरें घर पाहायास सांगितलें."