तळहातावरचं अक्षर

माझी मोठी मावशी वृद्धाश्रमात आया होती. म्हाताऱ्या माणसांना उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. हे तिनं जन्मभर केलं आणि घरी येऊन त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. आम्हीही विचारलं नाही. मावशी म्हणजे लोखंड, असं सगळ्यांनी आपापल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं.

तिच्याकडे एक चिनी आजोबा आले. आयुष्यभर त्यांनी याच शहरात दातांच्या कवळ्या केल्या होत्या आणि इथली भाषा आमच्याहून नीट बोलत. पण पक्षाघात झाला आणि नंतर शिकलेलं सगळं पुसून गेलं. लहानपणची भाषा तेवढी राहिली, तीही डोक्यात; जीभ वळतच नव्हती. डोळे आधीच गेलेले. त्यात पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, "कण्हत नाहीत, म्हणजे सोसतंय त्यांना. जोरकस औषध उगाच द्यायचं नाही." मावशीला हे पटेना. चादर बदलायला जावं तर ती आजोबांच्या मुठीत आवळलेली असायची, आणि सोडवायला त्यांचं एकेक बोट उचलावं लागायचं.

त्यांची मुलगी परदेशात होती. तिनं फोनवर सुचवलं, "बाबांच्या गावची बोली मला बोलता येत नाही, पण अक्षरं तीच असतात. त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षर लिहून विचारा. माझी आजी बहिरी होती, तिच्याशी ते असंच बोलायचे. हो असेल तर बोट धरायचं, नाही असेल तर हात पालथा करायचा." चिनी लिपीत म्हणे एका अक्षरात अख्खा शब्द मावतो. 'दुखणं' हे अक्षर तिनं फोटो काढून पाठवलं.

मावशी शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण विणकामात हात बसलेला. तिनं ते अक्षर नक्षीसारखं उतरवलं. आधी आतली जाळी, मग डावीकडचा लांब ओघळ, त्याला बिलगलेले दोन फटकारे, वरची आडवी रेघ आणि शेवटी टिंब. कागदावर असं सुबक यायचं की छापलेलं वाटावं. जेवताना माझा डावा हात ओढून त्याच्यावर गिरवायची.

"अगं, जेवू दे ना मला."

"जेव की. हा हात रिकामाच आहे तुझा."

आजोबांनी मात्र दाद दिली नाही. ती लिहायची आणि ते हात तसाच ठेवायचे, उताणा, निपचित. रोज लिहायची, रोज तेच. मेट्रन म्हणाली, "सोडा हो मावशी, पालथ्या घड्यावर पाणी आहे. भानच राहिलं नाही त्यांना." डॉक्टरांनाही तसंच सांगितलं गेलं आणि औषध होतं तेवढंच राहिलं. महिना गेला, दुसराही उतरणीला लागला.

मग मुलगी रजा काढून आली. मावशी लिहीत होती ते तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे आतून का सुरू करताय? वरच्या टिंबापासून लिहायचं असतं. कागदावर कसंही काढलं तरी चालून जातं, तिथे झालेलं अक्षर दिसतं. हातावर काय दिसणार? बोट कसं चाललंय, त्यावरूनच त्यांना कळायचं."

मावशीनं तिथल्या तिथे क्रम पाठ केला. टिंब, आडवी रेघ, लांब ओघळ, दोन फटकारे, आणि मग आतलं सगळं. आजोबांचा हात घेतला. शेवटची रेघ पुरी व्हायच्या आतच त्यांनी तिचं बोट असं आवळलं की ते पांढरं पडलं. सोडेचनात.

इंजेक्शन दिल्यावर आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले. वृद्धाश्रमात मावशीचं कोण कौतुक झालं! घरी येऊन ती चप्पल न काढता खाटेवर बसून राहिली.

"माणूस आत तळमळत होता गं," ती म्हणाली, "आणि मी त्याच्या हातावर जाळी विणत बसले होते."

तुला काय माहीत होतं, वगैरे मी बरंच बोलले. त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं असं वाटत नाही. त्यानंतर ती दिवसातून कितीदा तरी विचारायची, ते बोट धरायचे आणि इंजेक्शन मिळायचं. पुढे पुढे तेही पुरेना. याच्यावर आता आमच्याकडे काही नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

आजोबा गेले त्या दिवशी मावशी लवकर घरी आली. पाठीला हात लावून दारातच उभी राहिली.

"सकाळी त्यांची कूस बदलताना पाठीत चमक भरली," ती म्हणाली. "तोंडातून आवाज निघाला असेल माझ्या. त्यांनी चाचपत माझा हात घेतला आणि लिहिलं. अगदी टिंबापासून. मला वाटलं, त्यांनाच दुखतंय. नर्सला बोलवायला निघाले तर हात सोडेनात, नुसते थांबून राहिले. मग कळलं, मला विचारतायत."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? हात पालथा केला."

मी तिला धरून खाटेवर बसवलं.

"त्यांनी तो धरून परत उताणा केला," मावशी म्हणाली, "आणि पुन्हा विचारलं."