सारवलेली भट्टी

कवठे महांकाळच्या पलीकडच्या त्या परसात आता गोठा आहे. कडेच्या लिंबाखाली मात्र पिंपाचा एक गंजका पत्रा अजून पडून आहे. जुनी माणसं तिथून जाताना चाल कमी करतात. वास कधीच गेला, तरी एखादा नाक वर करतोच.

ते पिंप जोतीरामाचं. लढाईत तो पलटणीच्या लंगरात, म्हणजे भटारखान्यात होता. बंदूक त्याच्या हाती थोडी आली, भट्टीतून पाव काढायची लांब दांड्याची फळी जास्त. लग्नाची हळद उतरायच्या आत तो भरतीला गेला आणि सेहेचाळीस साली सुटून आला. तेव्हा तो आणि मनुबाई एकमेकांशी पाव्हण्यासारखे जपून बोलत. जमीन पावसावरची, खडकाळ. त्याला तर येत होतं ते एकच काम, भट्टीत भाजायचं.

तेलाचं पिंप एका तोंडाला कापून, तिथं पत्र्याचं दार लावून त्यानं ते दगडांवर आडवं बसवलं. खाली जाळाला जागा ठेवली, आत विटांची फरशी घातली, भुसा कालवलेल्या मातीचा जाड थर बाहेरून चढवला. आत वरच्या बाजूला दोन सळ्या टाकल्या. त्यांवर पत्रा ठेवून निखारे पसरले की वरून भाजणी व्हायची. खालचा जाळ शेकायला, वरचा भाजायला. बांधून झाल्यावर त्यानं भट्टी लगेच पेटवली नाही. रोज मूठभर काटक्यांचा जाळ करून माती सावकाश वाळवली.

"घरात बांधली असती तर थंडीत ऊब तरी झाली असती," शेजारची रंगूबाई कुंपणावरून म्हणाली.

"कोळशाची हवा दिसत न्हाई, रंगूबाई. बंद घरात माणूस निजतंय, ते उठत न्हाई."

"मग न्हवरा-बायकू परसातच ऱ्हावा की."

मनुबाई तोंडाला पदर लावून हसली. तीही शिकत होती. तिची खोड एकच, घडीघडीला दार उघडून बघायची.

"ही भाकरी न्हाई उलथायला," जोतीराम म्हणायचा. "दार उघडलंस की धग पळाली. आनि उघडताना तोंड समोर न्हाई, बाजूला. फडकं कोरडं घे. वल्या फडक्याची वाफ हाताला धरती."

सगळ्यात आधी चिमूट. फरशीवर चिमूटभर पीठ टाकायचं. काळं पडलं तर निखारा ओढायचा, पांढरंच राहिलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं की ताट आत. चिमूट टाकल्याशिवाय त्यानं कधी ताट सारलं नाही.

एकदाच सारलं.

मनुबाईचा बाप नाथाजी येणार होता. मिरजेला रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगवर जावयासाठी त्यानं जागा बोलून ठेवली होती. जोतीरामानं तिकडे जायचं आणि मनुबाईनं माहेरी राहायचं, असं त्याच्या मनात होतं. "भट्टीवर पोट भरतंय असं डोळ्यानं दिसलं तर बघू," एवढंच त्यानं सांगून पाठवलं होतं. दोघांनी नानकटाईसाठी खपली गव्हाचं पीठ वस्त्रगाळ केलं, तूप साठवलं, रेशनची साखर चहात न घालता बाजूला ठेवली.

त्या दिवशी जोतीराम सासऱ्याला आणायला मोटारीच्या फाट्यावर गेला. मनुबाईनं पहाटे घर सारवलं, अंगण सारवलं, चूल पोतारली. मग भट्टीकडे पाहून तिला वाटलं, आज खरं काम हिचंच, आणि हिलाच पारोशी ठेवायची? तिनं भट्टी बाहेरून सारवली आणि आत हात घालून विटांची फरशीही शेणामातीनं छान गुळगुळीत केली. कुंकवाची बोटं लावली आणि जाळ घातला.

जोतीराम आला तो जाळ लागलेला पाहून खूश झाला. नाथाजी लिंबाखाली बसून पिंपाकडे पाहत होता.

"पाव्हणं, ह्यात शिजतंय व्हय?"

"बघाच की मामा."

बघाच म्हटल्यावर चिमूट टाकत बसणं त्याला जिवावर आलं. त्यानं ताट सारलं.

दार उघडलं तेव्हा वाफेचा लोट आला. नानकटाया पसरून एकात एक मिसळल्या होत्या. वर पांढऱ्या, आत कच्च्या. फरशीवरचा लेप बुडबुडत होता.

मनुबाईनं लेप पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. "आवं, मी सकाळी आतबी सारवलं," ती हळूच म्हणाली.

जोतीराम तिच्याकडे नाही, ताटाकडे पाहत राहिला. "आनि मी चिमूट टाकली न्हाई," तो म्हणाला.

नाथाजी उठला. "मने, पेटी भरून ठीव. दुपारची मोटार गाठू."

मनुबाई आत गेली. पेटीचं झाकण वाजलं, पेटी ओट्यावर आली.

जोतीरामानं खालचा जाळ ओढला. ओल्या विटांना जोराची धग दिली तर त्या फुटतात, हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं बाभळीचे फुललेले निखारे पत्र्यावर पसरून पत्रा वरच्या सळ्यांवर सारला. वरची धग कोरडी असते, ओली फरशी तिला अडवत नाही. खाली तेल लावलेली वांगी ठेवली आणि पाव्हण्यासाठी कापलेली तलंग कोंबडी तुकडे करून, मीठ-मिरची चोळून. दार बोटभर उघडं ठेवलं, वाफ निघत राहिली.

"मामा, मोटारीला टाइम हाय. जेवून जावा."

नाथाजी जेवला. तलंगीची कातडी कुरकुरीत आणि आत रस तसाच. हाडं चोखताना त्याला बोलायला सवड नव्हती. "लंगरात असलं मिळायचं?"

"सायबाला मिळायचं. आमाला करायला मिळायचं."

नाथाजी पहिल्यांदा हसला.

तोवर वरच्या धगीनं फरशी वाळून पांढरी पडली होती. जोतीरामानं वरचा पत्रा काढला, खाली थोडा निखारा पसरला आणि थांबला. दूर फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला, तरी थांबला. मग पिठाचं भांडं मनुबाईपुढे धरलं.

"तू टाक."

तिनं बाजूला उभं राहून चिमूट टाकली. पीठ सावकाश बदामी झालं. ताट आत गेलं. दार एकदाही उघडलं नाही.

मोटार निघून गेली. नाथाजीनं गरम नानकटाई दोन हातांत झेलत खाल्ली, दुसरी घेतली, आणि ओट्यावरची पेटी पायानं आत सारली. "मी सकाळच्यानं जाईन," तो म्हणाला. "माज्यापुरतं बांधून दे. गँगवर दुसरं कोन बी जाईल."

पुढं कितीतरी वर्षं सणाच्या सकाळी मनुबाई सगळं घर सारवायची. सारवत सारवत भट्टीपाशी यायची, बाहेर कुंकवाचं बोट लावायची आणि भट्टीच्या तोंडाशी हात आखडता घ्यायची.

"आत न्हाई," जोतीराम लिंबाखालून म्हणायचा.

"ठाव हाय," ती म्हणायची.