सरांचं ऐकणं

विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलांची सर आणि मी नाशिकला तयारी करून घ्यायचो. सर स्वतःबद्दल अवाक्षर काढत नसत; मुलं बोलू लागली की मात्र मान कलती करून "अरे वा, पुढं?" म्हणत. त्यांचं हे ऐकणं मला खटकायचं.

हरसूलच्या एका मुलीनं त्यांना सांगितलं, "आई निफाडला द्राक्षबागेत कामाला जाते. मी शिकते, हे मुकादमाला सांगत नाय. तो म्हणेल, मग तुला काम कशाला?"

काही दिवसांनी वर्ग बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं सर म्हणाले, "निफाडला मला एक बाई भेटली..." आणि तेच सगळं सांगितलं.

मुलगी उठली. "सर, ती माझी आई हाय. तुम्हाला कधी भेटली?"

सर हसून पाहुण्यांकडे वळले. "बघा, आमची मुलं किती धीट झालीत!"