सहीची भाऊबीज

माझ्या सख्ख्या भावानं नादारी घेतली हे मला वर्तमानपत्रातून कळलं. नवऱ्याला पेपरातली बारीक अक्षरं वाचायची सवय. नाव बदलल्याच्या नि कागद हरवल्याच्या जाहिरातींमध्ये कोर्टाची चार ओळींची नोटीस होती. त्यांनी ती दोनदा वाचली, पेपरची घडी केली आणि माझ्यासमोर ठेवून शाळेत निघून गेले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रागावले की गप्प होतात. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

नादारी म्हणजे काय, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. कर्ज फेडायची ऐपत उरली नाही, असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. मग कोर्ट असेल नसेल ते घेणेकऱ्यांना वाटून देतं, माणसाकडं कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि धंद्याची हत्यारं तेवढी ठेवतं आणि वसुलीवाल्यांना बजावतं की आता ह्याच्या दारात जायचं नाही. ऐकायला चांगलं आहे. पण कर्जाला जामीनदार असेल तर वसुलीवाले त्याच्या दारात जातात. भावाच्या कर्जाला जामीनदार माझा नवरा होता, आणि त्यांना जामीन राहायला मीच लावलं होतं.

भावाचा सिरसाळ्यात मंडपाचा धंदा. कापड, बांबू, सतरंज्या, मोठाली पातेली, कर्णे. पाऊसपाणी बरं असलं की लग्नसराईत त्याचा पाय घरात ठरायचा नाही. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी लोकांनी लग्नं पुढं ढकलली, ज्यांना ढकलता येईनात त्यांनी सामुदायिक विवाहात उरकली. तिथला मांडव पुढाऱ्याच्या माणसाचा. भाऊ हात बांधून बसला. तेवढ्यात एका सहकारी संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. जनावरांना सावली हवी होती. ह्यानं होतं नव्हतं ते कापड तिकडं द्यायचं ठरवलं, आणि ते पुरायचं नाही म्हणून नवीन घ्यायला पतसंस्थेत कर्ज मागितलं. पतसंस्था म्हणाली, पगारदार जामीनदार आणा. आमच्याकडं पगारदार जावई म्हणजे पाणी असलेली विहीर. जो तो बादली घेऊन येतो.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. त्यानं तबकात साडीचा बॉक्स ठेवला आणि बॉक्सवर एक फॉर्म.

"आक्का, औंदा ओवाळणी मीच मागाया आलोय. दाजीची सही पायजे."

नवऱ्यानं फॉर्म बारीक अक्षरांसकट वाचला. "छावणीचं बिल निघालं नाही तर?" एवढंच विचारलं. मला ते झोंबलं. माझ्या माहेरच्या माणसाला माझ्याच घरात असं विचारायचं? "माझा भाऊ पळून जाणार आहे का? करा की सही!" असं मी ओरडले. हातातलं निरांजन अजून विझलं नव्हतं. त्यांनी सही केली.

छावणी बघायला मी गेले होते. लग्नातलं लाल-पिवळं कापड, त्याला सोनेरी झालर, आणि खाली दावणीला जनावरं. बायका म्हणत होत्या, बैलांची लग्नं लागलीत. मीही हसले. एका गाईनं झालरीचं टोक तोंडात धरलं होतं. छावणी उठली तेव्हा कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि बिल सरकारात अडकलं होतं. सरकारचं आलं की देतो, असं छावणीवाल्या संस्थेचे चेअरमन सांगायचे. पुढं संस्थेवर प्रशासक आला. तो म्हणाला, हे माझ्या काळातलं नाही.

नोटीस वाचली त्याच दिवशी मी सिरसाळ्याला गेले. भाऊ ओट्यावर चहा पीत बसला होता. कित्येक महिन्यांनी त्यानं दाढी केली होती.

"सुटलो, आक्का. आता न्हाई कुणी येत दारात."

"आन् आमच्या दारात?"

त्यानं कपातला उरलेला चहा बशीत ओतला.

"वकिलानं सांगितलं नव्हतं का तुला?"

"सांगितलंतं."

"मग एका शब्दानं बोलला न्हाईस? कावून?"

तेव्हा तो उसळला. "काय बोलू? तुमच्याकडं दुष्काळ येतो का? पाऊस पडो न्हाईतर न पडो, दाजीचा पगार हायेच. हप्ता कापला तर तुमी दोन भाज्यांच्या जागी एक करताल. मी बायकूला घिऊन ऊस तोडाया गेलो असतो, ते बरं दिसलं असतं का तुला?"

यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून माझं डोकं जास्त फिरलं. तो सुटला याचं मला दुःख नव्हतं. बिल बुडवणारे मोकळे फिरत होते, मग यानं का मरायचं? पण आधी येऊन सांगायला काय झालं होतं? आपलं माणूस आपल्याला बुडवतंय, हे पेपरात वाचायची पाळी माझ्यावर यावी, ते मला सोसेना.

पगारातून कपात सुरू झाली. त्या वर्षी पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळलं. त्यांनी खिशाकडं हात नेला नाही. "तुझी ओवाळणी दर महिन्याला कापून जाते," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, काही घडलंच नाही असा. मी पाट मांडला. भाऊबीजेला दारात आलेल्या भावाला परत पाठवायचा धीर मला झाला नाही. ओवाळलं, त्यानं साडीचा बॉक्स ठेवला, आम्ही जेवलो. मग हात पुसून त्यानं खिशातून कागदाची घडी काढली. नवी पतसंस्था निघाली होती. त्याच्या नावावर आता कुणी कर्ज देत नव्हतं, म्हणून ते भावजयीच्या नावावर घ्यायचं होतं.

"औंदा पाऊस झालाय, आक्का. लगीनसराई लई मोठी हाय. फकस्त दाजीची सही."

नवऱ्यानं चष्मा लावला. फॉर्म वाचला मात्र नाही. पेन उघडलं आणि माझ्याकडं बघत बसले. मी हो म्हणाले असते तर त्यांनी मान खाली घालून सही केली असती.

मी फॉर्म उचलला, साडीच्या बॉक्सवर ठेवला आणि भावाच्या हातात दोन्ही दिले.

"ह्या घरातली एक सही तू खाल्लीस. दुसरी न्हाई मिळायची."

चप्पल घालताना तो म्हणाला, "पगाराचा लई माज हाय तुमाला."

त्यानंतर तो आला नाही आणि मीही बोलावलं नाही. कपात काही वर्षांनी संपली. ते पुन्हा माझ्याशी बोलायला लागले, पण पहिल्यासारखे नाहीत. सिरसाळ्यात भावाचा मंडप बरा चाललाय, असं लोक सांगतात. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी मीही तबक घेऊन गच्चीवर जाते. बीजेची कोर लवकर मावळते, त्यामुळं हातातलं काम टाकून घाईघाईनं जावं लागतं.