टकटक साहेबांची इमारत

टकटक साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटत, मग माणसांना. स्कूटरची किल्ली काढायची, गिलाव्यावर तीनदा टकटक करायची आणि कान लावायचा. आशागडला आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले, तेव्हा भटजी अजून आसनावर होते. साहेबांनी देवघराची भिंत वाजवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "राऊत, बद्द वाजतंय. आत पोकळ आहे." माझ्या बायकोने पुढे वर्षभर त्यांच्या चहात साखर कमीच घातली. मुलासाठी मुलगी बघायला झाईला गेले, तिथेही होणाऱ्या व्याह्यांची भिंत त्यांनी सोडली नाही. भिंत पक्की निघाली म्हणून लग्न जमलं, असं ऑफिसात म्हणत.

ते डहाणूला सरकारी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते आणि मी त्यांच्याच ऑफिसात लिपिक. तलासरीकडच्या एका पाड्यावर आश्रमशाळेची इमारत उभी राहत होती, तेव्हा काँक्रीटला पाणी मारायच्या कामावर त्यांनी पाड्यातल्याच जानीबाईला नेमलं. नुसतं नेमलं नाही, तर ती हो म्हणेपर्यंत स्लॅबखालच्या फळ्या काढायच्या नाहीत, असा हुकूम काढला. ठेकेदार कपाळाला हात लावून बसला. "अहो, तिला सही करता येत नाही," तो म्हणाला. साहेब म्हणाले, "सही करणारे आपल्याकडे खूप आहेत. सिमेंटला पाणी आणि लेकराला दूध, वेळेवरच लागतं. ते हिला कळतं."

निवृत्तीच्या वर्षी उत्कृष्ट शासकीय इमारतीच्या पुरस्काराचं परिपत्रक आलं. साहेबांना तो पुरस्कार हवा होता. तसं ते बोलले नाहीत, पण परिपत्रक आल्याच्या आठवड्यात त्यांनी सफारी शिवायला टाकला. एकदा जेवताना म्हणाले, "छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती वाजवल्या, राऊत. एकदा कुणीतरी आपली वाजवून 'बरं केलंस' म्हणावं." मी आठ दिवस खपून प्रस्ताव तयार केला. दर्शनी भाग, रंगसंगती, बगीचा, फोटो, असे बरेच रकाने होते. इमारत किती वर्षं टिकेल, असं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

समिती आली. वरोरचं पापलेट खाऊन, चिकूच्या पेट्या गाडीत ठेवून मंडळी प्रसन्न मनाने आश्रमशाळेत पोचली. अध्यक्ष म्हणाले, "वा, छान आहे." तेवढ्यावर गप्प बसले असते तर ते टकटक साहेब कसले? समितीला त्यांनी मागच्या जिन्याकडे नेलं आणि किल्लीने वाजवून दाखवलं. "हा जिना चुकलाय. जानीबाई तापाने पडली होती, पाणी कमी पडलं. मी दुसरा माणूस ठेवायला हवा होता." अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मनातल्या मनात साहेबांना यथेच्छ शिव्या घातल्या.

पुरस्कार कारंजं असलेल्या एका विश्रामगृहाला मिळाला. साहेबांनी नवा सफारी निरोपसमारंभाला घातला, नारळ घेतला आणि घरी गेले.

त्याच हिवाळ्यात आपल्याकडची जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या माणसाला ते दिवस सांगायला नकोत. आज धक्का, उद्या धक्का. लोक तंबूत आणि दवात झोपू लागले. आश्रमशाळेची मुलंही मैदानात. इमारत सुरक्षित आहे असं लिहून द्या, म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र आलं, तर ते आमच्या ऑफिसात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. सही कोण करणार? शेवटी मी निवृत्त साहेबांना मोटारसायकलवर बसवून पाड्यावर घेऊन गेलो.

अर्धा दिवस त्यांनी एकेक खांब, एकेक तुळई वाजवली. जिना बंद करायला सांगितला. मग जानीबाई पुढे आली. तिच्या कडेवर नात होती, पोरीची छाती घरघरत होती.

"सायेब, भायेर लय गारठा हाय. पोरा कुडकुडतात. आत निजवू का?"

साहेबांचा चेहरा उतरला. जन्मभर त्यांनी फक्त दोष सांगितले होते. 'चांगली आहे' असं एकदा म्हणायचं, तर त्यावर लेकरांचे जीव टांगलेले. नाही म्हणावं, तर ती पोर थंडीत. त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "बाई, मी काही सांगत नाही. मी आत राहतो. तुम्ही बघा आणि ठरवा."

खालच्या वऱ्हांड्यात त्यांनी सतरंजी अंथरली. पाच दिवस तिथेच राहिले. धक्के बसत होते. पाचव्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा जानीबाई वऱ्हांड्याच्या तुळईतल्या कडीला लुगड्याची झोळी बांधत होती. गाठ मारून तिने झोळी सगळा भार टाकून ओढली. वर तुळईकडे पाहिलं. मग नातीला आत ठेवलं. दुपारपर्यंत आणखी सहा झोळ्या लागल्या. साहेब खांबाला टेकून बसले होते आणि रडत होते. मीही रडलो.

पुढच्या पावसाळ्यात साहेब गेले. ऑफिसने शोकठराव केला. छापील नमुन्यात 'मिळालेले पुरस्कार' असा एक रकाना होता. नव्या साहेबांनी सांगितलं, "निरंक लिहा."

मी लिहिलं. नोकरीत पुष्कळ खोटं लिहिलं आहे मी, पण एवढं मोठं कधी लिहिलं नव्हतं.